पाणबुड्याचें पहिलें सामान

पावसाळा संपून कोंकणचा समुद्र निवळला, म्हणजे मालवण व तारकर्ली येथील किनाऱ्यावर पुण्यामुंबईकडील कुटुंबांची वर्दळ सुरू होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यांत प्रवाळ आहे. १९८७ सालीं या समुद्राचा कांहीं भाग अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यांत आला. पाठीवर हवेची टाकी बांधावी, वाटाड्याचा हात धरावा, थोडा वेळ पाण्याखालचें जग पाहावें आणि वर यावें, एवढाच बहुतेकांचा या विद्येशीं संबंध येतो. अशांनीं कांहीं विकत घेण्याचें कारण नाहीं. लागतें तें सारें तेथेंच मिळतें.

प्रश्न पडतो तो पुढच्या मनुष्यास. एका बुडीनें ज्याचें समाधान झालें नाहीं, तारकर्लीस किंवा अंदमानांत तीन-चार दिवसांचा रीतसर अभ्यासक्रम पुरा करून १८ मीटरपर्यंत उतरण्याचा दाखला ज्यानें मिळविला, त्याच्या मनांत घरीं परततांना पहिला विचार येतो तो स्वतःच्या सामानाचा. दुकानदाराची यादी लांबलचक असते. सगळा संच एकदम घेतल्यास सवलतीचें आमिष असतें, आणि बेरीज पाहूं गेल्यास ती लाखाच्या घरांत जाते. मध्यम स्थितींतील कुटुंबांत ही रक्कम लहान नव्हे. शिवाय क्रिकेटची बॅट वाईट निघाली तर फार तर डाव जातो; येथें वस्तु वाईट निघाली तर श्वास अडतो.

तेव्हां संच एकदम घेऊं नये, हें पहिलें. जी वस्तु शरीरास नेमकी बसली पाहिजे ती आधीं घ्यावी. जें यंत्र आहे तें थोडा अनुभव आल्यावर घ्यावें. आणि जें केवळ वजन आहे तें भाड्यानेंच आणावें. सुदैवानें या क्रमांत सर्वांत आधीं येणारी वस्तु सर्वांत स्वस्त वस्तूंपैकीं एक आहे. ती म्हणजे मास्क.

मनुष्याचा डोळा हवेंतून पाहण्यासाठीं घडलेला आहे. पाणी त्यास भिडलें कीं प्रकाशकिरणांचें वक्रीभवन पुरेसें होत नाहीं व सारें धूसर दिसतें. डोळ्यापुढें हवेचा एक थर ठेवला म्हणजे तेंच जग स्पष्ट होतें. कांचेंतून दिसणारा मासा मात्र आहे त्याहून सुमारें एकतृतीयांशानें मोठा भासतो; घरीं आल्यावर सांगतांना तो आणखी वाढतो ही गोष्ट निराळी.

पोहण्याच्या तलावावर वापरतात ते चष्मे या कामीं कां चालत नाहींत, असें पुष्कळजण विचारतात. याचें उत्तर शाळेंतल्या पदार्थविज्ञानांत आहे. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं मांडलेला नियम असा कीं, तपमान तेंच राहिल्यास वायूवरील दाब दुप्पट झाला म्हणजे त्याचें आकारमान निम्में होतें. समुद्रांत दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरांवर तो पृष्ठभागावरच्या दुप्पट झालेला असतो. खालीं उतरतांना मास्कमधील हवा आकसूं लागते आणि मास्क चेहऱ्यास चोखूं लागतो. उपाय सोपा आहे. नाकावाटें थोडी हवा आंत सोडावी. परंतु पोहण्याच्या चष्म्यांत नाक बाहेरच राहतें. हवा सोडण्यास वाट नसल्यामुळें डोळ्यांतील बारीक रक्तवाहिन्या फुटून डोळे लालभडक होतात. म्हणून मास्क नाक झांकणारा हवा, आणि तेंच नाक बाहेरून चिमटींत धरतां येईल असा मऊ खळगा त्यास हवा. कारण नाक दाबून हलकेच फुंकर मारल्यावांचून कानांतील दाब मोकळा होत नाहीं.

मास्कची परीक्षा दुकानांतच करावी. पट्टा डोक्यावर न घेतां मास्क चेहऱ्यावर टेकवावा, नाकानें किंचित् श्वास आंत ओढावा आणि हात सोडावे. तो चिकटून राहिला तर त्या चेहऱ्याचा. हवा शिरून सुटला तर दुसऱ्या कोणाचा, मग त्यावर नांव कितीहि नामांकित कारखान्याचें असो. हीच परीक्षा पुन्हां एकदां तोंडांत स्नॉर्केलचें टोंक धरून करावी. तोंड उघडलें कीं गालांची ठेवण बदलते, आणि मघां घट्ट बसलेला मास्क आतां बाजूनें सुटतो. दुकानांत पांच मास्क असतील तर पांचहि लावून पाहावे. दुकानदार कंटाळला तरी संकोच करूं नये. चित्र पाहून घरबसल्या मागविलेला मास्क म्हणजे माप न देतां शिवलेला कोट होय.

कांच कठीण केलेली, फुटल्यास अणकुचीदार तुकडे न होणारी असावी. चेहऱ्यास लागणारी कड मऊ सिलिकोनची असावी. ज्यांस चष्मा लागतो त्यांनीं त्या नंबरचीं भिंगें बसवितां येतील असाच मास्क शोधावा, नाहीं तर प्रवाळ पाहण्यासाठीं कोंकणांत जाऊन नुसता निळा रंग पाहून परत येण्याची पाळी येते. मिशांचा प्रश्न थोडा नाजूक आहे. भरघोस मिशींतून पाणी झिरपतें; तेव्हां नाकाखालची पट्टी कातरून घ्यावी, किंवा मधून मधून मास्कमधील पाणी नाकानें फुंकून काढण्याची संवय ठेवावी. स्त्रियांनीं केसांची बट कडेखालीं अडकली नाहीं ना, एवढें पाहिलें म्हणजे पुरे. नव्या मास्कच्या कांचेवर कारखान्यांतील पातळ पापुद्रा राहिलेला असतो. तो दंतमंजनाच्या पेस्टनें घासून काढल्यावांचून कांचेवर धुकें धरणें थांबत नाहीं. पुढें प्रत्येक बुडीपूर्वीं आंतल्या बाजूस थोडी थुंकी चोळून विसळण्याची जुनी रीत आहे. ती कोणास शिसारी आणणारी वाटेल, पण ती फुकट आहे आणि गुण देते.

स्नॉर्केलविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. साधी, वांकडी नळी पुरते. लांब नळी घेऊन खोल जाण्याची कल्पना लहान मुलांस हटकून सुचते. परंतु एका मीटरवरच छातीवर येणारा पाण्याचा दाब इतका असतो कीं, पृष्ठभागावरची हवा आंत ओढणें श्वसनाच्या स्नायूंस जड जातें.

पायांस लावावयाच्या फिनांचा इतिहास टाकीपेक्षां जुना आहे. लुई द कोर्लिए या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानें १९३३ सालीं त्यांचें पेटंट घेतलें. फिन दोन तऱ्हेचे. एकांत अनवाणी पाऊल बुटासारखें पूर्ण शिरतें. दुसऱ्याची टांच उघडी असून आंत जाड तळाचे मोजे घालावे लागतात. जो नेहमीं होडीवरूनच उडी घेणार त्यास पहिली तऱ्हा स्वस्त व हलकी पडते. खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यांत शिरावयाचें असल्यास दुसरी बरी. पातें फार ताठ नसावें. तरुण मंडळींस लांब व कडक पात्यांचा मोह पडतो, आणि पहिल्याच बुडींत पोटरींत गोळा आला म्हणजे तो मोह उतरतो.

वेटसूट अंगास चिकटून बसावा, परंतु छाती भरून श्वास घेतां यावा. पाणी हवेच्या सुमारें पंचवीसपट वेगानें शरीराची उष्णता हरण करतें. म्हणून ज्या पाण्यांत हात घातला असतां कोमट लागतें तेथेंहि तासाभरानें हुडहुडी भरते. सूट सैल असेल तर थंड पाणी आंत येत-जात राहतें व त्याचा उपयोग उरत नाहीं. कोंकण, गोवा व अंदमान येथील पाण्यास तीन मिलिमीटर जाडी पुरेशी होते. थंड देशांतील जाडजूड सूट स्वस्तांत मिळाला म्हणून आणूं नये. तो अधिक तरंगवितो आणि कमरेस अधिक शिसें बांधावें लागतें.

येथपर्यंतची खरेदी आटोपशीर आहे, आणि पहिल्या हंगामास ती पुरे. यंत्रांत मात्र एका वस्तूस अग्रमान द्यावा, ती मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर. दाबाखालीं घेतलेल्या हवेंतील नायट्रोजन रक्तांत व मांसांत विरघळतो. मनुष्य भरकन् वर आला कीं त्याचे बुडबुडे होतात, आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत कांहींहि होऊं शकतें. स्कॉटिश शास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यानें बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ सालीं वर येण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. तेंच गणित आज मनगटावरचें यंत्र क्षणोक्षणीं करीत असतें. किती खोल, किती वेळ, आणखी किती वेळ राहतां येईल, वर येण्याचा वेग अधिक तर नाहीं ना, हें सर्व तें दाखवितें. एक कॉम्प्युटर दोघांत मिळून वापरूं नये. नवरा-बायको एकत्र उतरलीं तरी दोघांची खोली व वेळ नेमकी सारखी नसते, आणि कालच्या बुडीचा हिशेब यंत्रांत ज्याचा असेल त्यासच लागू पडतो.

आपल्याकडे याचें आणखी एक कारण आहे. दिवसांत एकच बुडी मारली असल्यास विमानांत बसण्यापूर्वीं निदान १२ तास, आणि अनेक बुड्या मारल्या असल्यास निदान १८ तास जाऊं द्यावे, अशी शिफारस आहे. विमानाचें सर्वांस पटतें. घाटाचें ध्यानांत येत नाहीं. मालवणहून कोल्हापूर-बेळगांवकडे निघालेली मोटार दोन-अडीच तासांत आंबोलीस चढते. तें ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंच असून तेथें हवेचा दाब सुमारें आठ टक्क्यांनीं कमी असतो. शरीराच्या दृष्टीनें हें आणखी वर येणेंच आहे. दुपारीं शेवटची बुडी मारून संध्याकाळीं घाट चढण्यापेक्षां रात्र किनाऱ्यावर काढावी, आणि शिक्षकास विचारून व मनगटावरचा आंकडा पाहून मग निघावें.

रेग्युलेटर म्हणजे या विद्येचें हृदय. दुसऱ्या महायुद्धांत फ्रान्समध्यें पेट्रोलची टंचाई होती, आणि एमिल गान्यां नांवाच्या इंजिनीयरानें मोटारी वायूवर चालविण्यासाठीं एक झडप तयार केली होती. नौदलांतील जाक कुस्तो त्याच्याकडे गेला, आणि १९४३ सालीं तीच कल्पना माणसाच्या श्वासास लावून दोघांनीं आजच्या यंत्राचा पाया घातला. टाकींतील हवेचा दाब २०० वातावरणांच्या आसपास असतो. पहिला टप्पा तो भोंवतालच्या दाबाहून सुमारें दहा वातावरणें अधिक इतका उतरवितो, आणि तोंडांतील दुसरा टप्पा मागणी येईल तेव्हांच, भोंवतालच्या पाण्याच्या दाबानें, हवा देतो.

नामांकित कारखान्यांचे रेग्युलेटर बहुतेक सर्व चांगलेच असतात. भेद त्यांच्या दुरुस्तींत असतो. वर्षा-दोन वर्षांनीं हें यंत्र उकलून आंतील रबरी कडीं बदलावीं लागतात. तेव्हां विकत घेण्यापूर्वीं दुकानदारास किंमत विचारण्याआधीं, याचे सुटे भाग व शिकलेला कारागीर या देशांत कोठें आहे, हें विचारावें. उत्तर गुळमुळीत आलें तर तें यंत्र कितीहि स्वस्त असो, घेऊं नये. टाकीस बसण्याच्या दोन पद्धति आहेत, शिकंज्याची व आट्यांची. ज्या केंद्रावर नेहमीं जावयाचें तेथील टाक्यांस कोणती बसते तें आधीं पाहावें. सोबत्यास हवा देण्यासाठीं जोडलेला जादा दुसरा टप्पा हा शोभेचा भाग नव्हे. तो काढून पैसे वांचवूं नयेत.

रेग्युलेटर भाड्याचा असेल, आणि पहिलीं एक-दोन वर्षें तो भाड्याचाच असण्यास हरकत नाहीं, तर किनाऱ्यावरच चार श्वास घेऊन पाहावे. हवेस तेलाचा वास येतां कामा नये. श्वास घेतांना दाबमापकाचा कांटा थरथरून खालीं जात असेल, तर टाकीची तोटी पुरती उघडलेली नाहीं असें समजावें.

ज्यांत हवा भरून पाण्यांत तरंगतां किंवा स्थिर राहतां येतें त्या जाकिटाची घाई नको. चार केंद्रांवर चार तऱ्हेचीं जाकिटें वापरल्यावर कोणतें पाठीस सुखाचें हें आपोआप कळतें, आणि मगच मापाचें घ्यावें. टाकी तर घेऊंच नये. प्रचारांतील अॅल्युमिनियमची टाकी रिकामी असतांहि सुमारें १४ किलोग्रॅम भरते, तिची ठराविक काळानें दाबपरीक्षा करावी लागते, आणि ती भरून देणारा पंप गल्लींत नसतो. शिशाच्या वजनांची गोष्ट तीच. कोंकणांत शिसें घेऊन जाणें म्हणजे रत्नागिरीस आंबे नेणें होय.

जुनें सामान घ्यावें काय? मास्क, फिन व सूट बसत असतील तर खुशाल घ्यावे. जाकीट तोंडानें फुगवून रात्रभर ठेवावें. सकाळीं तें मलूल झालें असेल तर परत करावें. जुन्या रेग्युलेटरच्या किंमतींत संपूर्ण दुरुस्तीचा खर्च मिळवून मगच तो स्वस्त कीं महाग हें ठरवावें. पुष्कळदां तो महागच ठरतो.

घरीं आल्यावर सर्व वस्तु गोड्या पाण्यांत भिजवून ठेवाव्या. रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यावरील टोपण आधीं कोरडें करून घट्ट बसवावें, नाहीं तर धुण्याच्या पाण्यानेंच तो आंतून गंजतो. सूट व मास्क गच्चीवरील उन्हांत टाकूं नयेत, सावलींत वाळवावे. जूनपासून समुद्र बंद असतो. रेग्युलेटर घरचा असल्यास तो दुरुस्तीस पाठविण्याचा काळ तोच, म्हणजे ऑक्टोबर उजाडतांना कारागिराच्या दारांत रांग लावावी लागत नाहीं.