वारी आणि पंगत

पंढरीच्या वारीला भक्तजन सुखसोहळा मानतात. धर्माच्या अभ्यासकांस तींत समाजाचें रूप दिसतें. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानें १९१२ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, सामुदायिक विधींत जो उत्साह उसळतो, त्यांत समाज स्वतःचीच शक्ति अनुभवीत असतो. टाळमृदंगाच्या घोषांत देहभान विसरणारी दिंडी पाहिली म्हणजे हें पटूं लागतें. १९७३ सालीं व्हिक्टर टर्नर यानें यात्रेंतील समभावाची मीमांसा केली. वाटेवर नित्याचे भेद सैल होतात, असें त्याचें म्हणणें. वारकरी परस्परांच्या पायां पडतात, तेव्हां याची साक्ष मिळते.

परंतु त्यापूर्वींच इरावती कर्वे वारीबरोबर चालल्या होत्या. अभंग एकत्र, पण भोजन जातवार वेगळें, हें पाहून त्या व्यथित झाल्या. अस्पृश्य मानलेल्यांस विठ्ठलमंदिर खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनाहि १९४७ सालीं उपोषण करावें लागलें.

तेव्हां सिद्धान्त खोटे नव्हेत, अपुरे आहेत. समतेचा अनुभव वाट देते. तो पंगतींत आणि उंबरठ्याच्या आंत टिकविणें मात्र माणसांच्याच हातीं असतें.