कोंड्याचा मांडा



कुंडलिकेच्या काठी आपली अष्टमी. भात हे आपले पीक. गिरणीतून तांदूळ आपण घरी आणतो. पण कोंड्याचे काय झाले, ते कोण विचारतो?

आधी एक ध्यानात घ्या. तूस वेगळे, कोंडा वेगळा. तूस म्हणजे दाण्याचे वरचे टरफल. ते जाळायला जाते. कोंडा म्हणजे टरफलाच्या आतला, दाण्याला चिकटलेला तांबूस थर. तांदूळ पांढरा दिसावा म्हणून तो खरवडून काढतात. शंभर किलो भातामागे तो सात-आठ किलो निघतो.

त्यात असते तरी काय? जावा बेटावर आयकमन नावाचे डच डॉक्टर होते. पांढरा सडलेला तांदूळ खाऊन कोंबड्यांचे पाय लुळे पडले, हे त्यांनी पाहिले. कोंड्यासकट तांदूळ दिला, तशा त्या बऱ्या झाल्या. कोंड्यात ब-१ जीवनसत्त्व असते, हे पुढे कळले. 1929 साली आयकमन यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता माझी चूक सांगतो. शाळेत आमच्या वर्गातला एक मुलगा कोंडा घातलेली भाकर आणी. आम्ही त्याला हसत असू. मग तो एकटाच आडोशाला बसून जेवू लागला. त्याची भाकर आमच्या भातापेक्षा कसदार होती, हे मला मास्तर झाल्यावर कळले. ते अजून मनाला बोचते.

आज कोंड्याचे तेल शहरातल्या दुकानात बाटलीत मिळते. गिऱ्हाईक पैसे मोजून ते घेते. मग आपल्याला लाज कसली?

मात्र गिऱ्हाईक दोन गोष्टी बघते. माल स्वच्छ आहे का? ताजा आहे का? आपणही तेच बघावे. जुन्या घाटाच्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्र पडतो. तो गुरांचा. माणसाने खायचा तो तूस वेगळे काढणाऱ्या गिरणीतला. कोंड्यात तेल असते, म्हणून तो लवकर खवट होतो. त्याच दिवशी चाळा, मंद आचेवर भाजा, थोडाच करा आणि लवकर संपवा. कडू वास आला तर खाऊ नका. चार मुठी पिठाला एक मूठ कोंडा घालून भाकरी करून बघा.

कोंड्याचा मांडा करणे, असे आपल्याकडे म्हणतात. पुढच्या खेपेला गिरणीवर गेलात, की विचारा, “दादा, आमचा कोंडा कुठं आहे?”