तिसऱ्या वर्षाची शेती

रात्री घरचं आवरलं की आम्ही मोबाइलवर ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ खेळतो. त्यात 28 दिवसांचा एक ऋतू, चार ऋतूंचं वर्ष. सुरुवातीला पैशांची ओढाताण, म्हणून गोडी टिकते. तिसरं वर्ष उजाडताच आजोबांचा आत्मा येऊन शेताची पारख करतो. पुढे स्प्रिंकलर पाणी घालतात, पैसा साठतो आणि कंटाळा येतो.

मग आम्ही ऋतूला एकच काम धरतो. कधी मासेमारी, कधी संग्रहालयासाठी वस्तू शोधणं. रात्री एकच दिवस खेळायचा, तो पाव तासात संपतो. नकोसं झालं तर खुशाल महिनाभर थांबा. खेळ बंद असताना पीक वाळत नाही. दिवसभर सगळ्यांना हिशेब देतोच, विरंगुळ्याचा तरी मागू नका.