दूरच्या यंत्राला दिलेली हाक आणि सर्व्हरची जबाबदारी

(बरखेडा, भोपाळ येथे मराठी भाषक नागरिक, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बरखेड्याची ही वसाहत यंत्रांच्या सहवासात वाढली. 1956 साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सचा येथील कारखाना नोव्हेंबर 1960 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला आणि 1974 साली ती संस्था भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली. टर्बाइन, रोहित्रे, रेल्वे इंजिनांच्या मोटारी ज्यांनी घडविल्या किंवा घडताना पाहिल्या, अशा श्रोत्यांपुढे आज मी एका न दिसणाऱ्या यंत्रव्यवहाराविषयी बोलणार आहे.

एका ठिकाणचा संगणक दुसऱ्या ठिकाणच्या संगणकाला सांगतो, "माझ्यासाठी एवढे काम कर आणि उत्तर कळव." या व्यवहारास संगणकशास्त्रात 'रिमोट प्रोसिजर कॉल' म्हणतात. आपण त्यास दूरस्थ कार्याला दिलेली हाक म्हणू. हाक देणारा तो ग्राहक-संगणक, आणि हाक ऐकून काम करणारा तो सर्व्हर. बँकेतील पैसे, शिधापत्रिकेवरील धान्य आणि रेल्वेची जागा ही आज अशाच हाकांवर अवलंबून आहेत. यास्तव ही हाक ऐकणारा सर्व्हर कसा वागतो, हे सामान्य नागरिकानेही जाणून घेणे अगत्याचे आहे.

तारेचे दिवस आठवा

ज्येष्ठ मंडळींना रेल्वेच्या परतीच्या आरक्षणाची जुनी पद्धत स्मरत असेल. आरक्षणाच्या वह्या ज्या त्या स्थानकावर असत. पुण्याहून परतताना लागणारी शायिका भोपाळच्या खिडकीवर मागितली, तर येथून पुण्यास तार जाई. तेथील कारकून वही पाहून नाव लिही आणि उत्तराची तार धाडी.

आता अशी कल्पना करा की, पुण्याच्या कारकुनाने नाव लिहिले, परंतु त्याच्या उत्तराची तार वाटेत गहाळ झाली. भोपाळच्या कारकुनास काय कळते? काहीच नाही. या मौनाची तीन कारणे संभवतात. मागणीची तार पोहोचलीच नसेल. पोहोचली असेल, पण काम व्हावयाचे असेल. किंवा काम होऊन केवळ उत्तर हरवले असेल. मागणाऱ्यास तिन्ही प्रसंग सारखेच दिसतात. त्याने पुन्हा तार केली, तर पहिल्या प्रसंगी ते योग्यच ठरेल. तिसऱ्या प्रसंगी मात्र एकाच माणसाच्या नावे दोन शायिका अडतील आणि कोणी गरजू प्रवासी जागेवाचून राहील.

आपल्या देशातील तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. तारेची ही अडचण मात्र संगणकांच्या जाळ्यात जशीच्या तशी उतरली आहे.

पाच केंद्रांची जोडणी

रेल्वेचे आरक्षण संगणकावर घेण्यास 1985 साली नवी दिल्ली येथे प्रारंभ झाला. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही केंद्रे उभी राहिली. परंतु प्रत्येक केंद्रापाशी आपापल्या गाड्यांचीच नोंद असे. 1986 साली स्थापन झालेल्या रेल्वे माहिती प्रणाली केंद्राने, म्हणजेच 'क्रिस'ने, 'कॉन्सर्ट' नावाची प्रणाली तयार केली. ती 1994 साली सिकंदराबादेत सुरू झाली आणि 1999 साली पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली.

या रचनेतील मर्म असे, की एका गाडीच्या जागांची वही एकाच केंद्रात राहते. खिडकी कोठलीही असो, मागणी त्या वहीपर्यंत जाते, नोंद तेथेच होते आणि उत्तर खिडकीवर परत येते. वहीच्या पाच स्वतंत्र प्रती ठेवल्या असत्या, तर एकच शायिका पाच जणांना विकली जाण्याचा धोका होता. दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी शेवटच्या जागेची मागणी आली, तरी सर्व्हरने एकीचे काम पुरे होईपर्यंत दुसरीस थांबविले पाहिजे. मागणी योग्य केंद्राकडे पोहोचविणे आणि ती एकदाच पार पडेल याची काळजी घेणे, यासाठी या प्रणालीत स्वतंत्र मध्यस्थ आज्ञावली वापरण्यात आली होती.

सर्व्हरसाठी काय लिहावे लागते

या हाकेचे शास्त्र अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी मांडले. त्यांचा निबंध 1984 साली प्रसिद्ध झाला. दूरच्या संगणकावरील काम जवळच्याच कामासारखे मागता यावे आणि बांधणे, पाठविणे, उलगडणे ही हमाली दोन्ही टोकांच्या मध्यस्थ आज्ञावल्यांनी करावी, हा त्यांचा विचार.

सर्व्हरची आज्ञावली लिहिणाऱ्यास प्रथम करार करावा लागतो : कोणती कामे केली जातील, प्रत्येकासाठी कोणती माहिती द्यावी लागेल, उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या पद्धतीत प्रत्येक सेवेस एक क्रमांक, तिच्या आवृत्तीस दुसरा आणि आतील प्रत्येक कामास तिसरा क्रमांक असतो. यांपैकी शून्य क्रमांकाचे काम काहीच करीत नाही. सर्व्हर जागा आहे किंवा नाही, एवढेच त्यावरून कळते. कोणती सेवा कोणत्या दारावर बसली आहे, हे सांगणारी चौकशीची खिडकीही असते आणि तिच्या दाराचा क्रमांक 111 असा ठरलेला आहे.

यानंतर सर्व्हर हाकेची वाट पाहतो. हाक येताच तो माहितीचे गाठोडे सोडतो, मागणाऱ्याची ओळख पटवितो, त्यास तो अधिकार आहे किंवा नाही हे तपासतो, काम करतो आणि उत्तर बांधून पाठवितो. सरकारी कार्यालयातील आवक-जावक बारनिशीशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना हा क्रम अपरिचित वाटणार नाही.

हरवलेल्या उत्तरावरील उपाय

खरी कसोटी पुढेच आहे. ठराविक वेळेत उत्तर न आल्यास ग्राहक-संगणक पुन्हा हाक देतो. सर्व्हरने ती नवी समजावी की जुनी?

काही कामे पुन्हा केली तरी बाधा नसते. सातबाराचा उतारा दहा वेळा पाहिला तरी जमीन घटत नाही. परंतु "खात्यातून 500 रुपये वजा कर" ही आज्ञा दोनदा पाळली गेली, तर गरिबाचे 500 रुपये अकारण अडकतात. म्हणून अशा कामांसाठी तीन पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य : प्रत्येक मागणीस मागणाऱ्यानेच एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तीच मागणी पुन्हा करताना तोच क्रमांक वापरावा.

दुसरे पथ्य : सर्व्हरने पुऱ्या केलेल्या मागण्यांचे क्रमांक व उत्तरे जपून ठेवावीत. तोच क्रमांक पुन्हा आला, तर काम पुन्हा न करता पहिलेच उत्तर परत पाठवावे.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे असून त्याकडेच अनेकदा दुर्लक्ष होते. काम आणि त्याच्या क्रमांकाची नोंद ही दोन्ही एकाच वेळी, कायमच्या साठ्यात झाली पाहिजेत. दोन्ही होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. पैसे वजा झाले आणि क्रमांक लिहिण्यापूर्वी वीज गेली, तर पुन्हा सुरू झालेला सर्व्हर ती मागणी नवीच समजेल.

आपले कर्तव्य

ग्रामस्थ बंधूंनो, पैसे पाठविताना पडद्यावरील चक्र फिरतच राहिले, म्हणजे काम झाले नाही, असे समजू नका. घाईने दुसऱ्यांदा पाठविलेल्या पैशांस नवा क्रमांक मिळतो आणि सर्व्हर तो निराळा व्यवहार मानतो. आधी खात्याचा उतारा पाहा आणि व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवा. युपीआयमध्ये हा संदर्भ क्रमांक 12 अंकी असतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, युपीआयने कोणास पाठविलेली रक्कम आपल्या खात्यातून वजा झाली परंतु समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत मिळाली पाहिजे. एटीएममधून नोटा न येता रक्कम वजा झाल्यास ही मुदत 5 दिवसांची आहे. मुदत टळल्यास दर दिवशी 100 रुपये भरपाई देय होते. बँकेने 30 दिवसांत तक्रार न सोडविल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

अधिकारी मित्रांनो, आपल्या कार्यालयासाठी प्रणाली स्वीकारताना एकच परीक्षा अवश्य घ्या. अर्ज पाठवा, उत्तर येण्याच्या आत जोडणी तोडा आणि तोच अर्ज पुन्हा पाठवा. दोन नोंदी झाल्या, तर ती प्रणाली जनतेच्या हाती देण्याजोगी नाही. अंगठा उमटवूनही यंत्र मौन राहिले म्हणून ज्या वृद्धेस धान्याविना परतावे लागते आणि जिच्या नावे धान्य उचलल्याची नोंद मात्र झालेली असते, तिला आपल्या टेबलावरील कागदात न्याय मिळाला पाहिजे. 'यंत्र असे दाखविते' हे तिच्या तक्रारीचे उत्तर होऊ शकत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा धडा संगणकाविनाही शिकविता येईल. एका मुलास सर्व्हर करून त्याच्यापुढे दहा खडे ठेवा. दुसऱ्याने चिठ्ठीने दोन खडे मागावेत. तिसऱ्याने उत्तराची चिठ्ठी मुद्दाम हरवावी. प्रथम क्रमांकाविना आणि मग क्रमांकासह हा खेळ खेळवा. उरलेले खडे मोजताच मुलांना सारे उमजेल.

उत्तर हरवणे हा जाळ्याचा स्वभाव आहे. तो कोणासही पूर्णपणे टाळता आलेला नाही. त्याची झळ नागरिकास लागू न देणे हे मात्र सर्व्हरची आज्ञावली लिहिणाऱ्याच्या, ती स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याच्या आणि हक्काने विचारणा करणाऱ्या नागरिकाच्या हाती आहे. 

जय हिंद.