घडीचा चाकू कीं म्यानांतली सुरी ?

चाकू आणि सुरी हे दोन शब्द मराठी घरांत नित्य कानांवर येतात. परंतु दोहोंतील भेद कोणता असें विचारलें तर बहुतेकांस क्षणभर थांबावें लागतें. ज्याचें पातें मुठींत मिटतें तो चाकू आणि ज्याचें मिटत नाहीं ती सुरी, असा ढोबळ व्यवहार आहे. तो अगदीं काटेकोर नसला तरी प्रस्तुत विषयापुरता पुरेसा आहे. बोरूनें लिहिण्याचा प्रघात होता तोंवर बोरू तासण्याचा चाकू हें लिहिणाराच्या सरंजामाचें एक अंगच होतें. इंग्रजींतही लहान चाकूला जें नांव आहे त्याचा मूळ अर्थ ‘लेखणीचा चाकू’ असाच आहे. सुरीचा संसार मात्र स्वयंपाकघरापुरता, आणि तेथेंही विळीच्या हाताखालीं. दोघांच्या हद्दी अशा ठरलेल्या असल्यामुळें त्यांच्यांत निवड करण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. तो येतो माणूस घर सोडून डोंगरावर, रानांत किंवा होडींत जाऊं लागला म्हणजे.

पुण्यांतील एका कुटुंबांत आषाढ महिन्यांत हा प्रसंग आला. घरांतील कॉलेजांत जाणारा मुलगा मित्रांबरोबर राजगडाच्या पायथ्याशीं, गुंजवण्याच्या बाजूला, तीन दिवस तंबू ठोकून राहणार होता. त्यासाठीं त्यानें बाजारांतून एक भारी घडीचा चाकू आणला. पातें चार बोटें लांब, पाठ चांगली जाड, दोन्ही बाजूंस पोलादी पट्ट्या, आणि वजन पाव किलोला थोडेंच कमी. त्याचे काका रेल्वेच्या कारखान्यांत चाळीस वर्षें फिटर होते. त्यांच्यापुढें चाकू ठेवून तो अभिमानानें म्हणाला, “काका, हा पाहा. अगदीं पहारीसारखा आहे.”

काकांनीं चष्मा चढविला, पातें दोनदां उघडून मिटलें आणि म्हणाले, “अरे, पहारीला सांधा नसतो.”

सगळा वाद ह्या सांध्याचा आहे. घडीच्या चाकूंत पातें एका आडव्या खिळीभोंवतीं फिरतें. कापतांना धारेवर येणारा दाब पात्याला उघडण्याच्याच दिशेनें ढकलतो आणि मुठींतला अडसर तो दाब झेलतो. म्हणून भाजी किंवा दोरी कापीत असतां चाकू आपण होऊन मिटत नाहीं. परंतु पात्याच्या पाठीवर दाब आला कीं तें मिटूं पाहतें, आणि त्याच्या मिटण्याच्या वाटेवर माणसाचीं चार बोटें असतात. जुन्या चाकूंत ही वाट अडविण्यास पाठीमागची एक कमान तेवढी असे. ती पात्याला रोखीत नाहीं, फक्त धरून ठेवते. जोर अधिक झाला कीं सोडून देते. पुढें खटका आला. फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यानें १८९० मध्यें लांकडी मुठीचा जो साधा चाकू केला तो तिकडील शेतकऱ्यांच्या खिशांत जाऊन बसला; पण फिरतें कडें बसवून पातें पक्कें करण्याची युक्ति त्यांत १९५५ मध्यें आली. स्विस सैनिकांस १८९१ पासून चाकू मिळूं लागला. बंदूक खोलण्याचें पेंचकस आणि डबा फोडण्याचें हत्यार त्यांत होतें, परंतु मुख्य पात्यास खटका मिळाला तो २००८ च्या नमुन्यांत. एवढा काळ लोकांनीं खटक्यावांचून काम भागविलें ह्याचा अर्थ असा कीं, चाकूकडून काय मागावयाचें नाहीं हें त्यांस ठाऊक होतें.

खटक्यावरही किती विसंबावें ? तरफेचा नियम शाळेंत शिकलेला कोणीही हा हिशेब करूं शकेल. पात्याचें टोंक खिळीपासून ३ इंच दूर आहे आणि खटका पात्याला जेथें अडवितो ती जागा खिळीपासून जेमतेम पाव इंच आहे, असें धरावें. अंतरांचें प्रमाण १२ पट झालें. टोंकाशीं पाठीवर ५ किलोंचा भार पडला तर खटक्याच्या त्या नखाएवढ्या जागेवर ६० किलोंचा भार येतो. नवा खटका तो सोसतो. पण त्यांत बोटभर चिखल गेला, वाळूचा कण अडकला, किंवा झिजून त्याचा कोपरा गोल झाला, म्हणजे तो सोसेलच असें कोणी सांगावें ?

काकांनीं हें गणित मांडलें नाहीं. त्यांनीं चाकू उघडला, बोटें पात्याच्या वाटेंतून दूर ठेवून मूठ धरली, आणि पात्याची पाठ स्टुलाच्या कडेवर हलकेच आपटली. दोन वेळां कांहीं झालें नाहीं. तिसऱ्या वेळीं खटका सरकला आणि पातें अर्धें मिटलें.

“पण असें कोण आपटतो, काका ?” मुलानें विचारलें.

“आपटत कोणीच नाहीं. ओल्या बांबूंत पातें रुतलें म्हणजे तें सोडवितांना मात्र माणूस वरखालीं हिसके देतो. ते हिसके पाठीवरच बसतात. वर पाऊस, हात भिजलेले, आणि अंधार पडत आलेला.”

इतक्यांत आंतून काकूंचा आवाज आला, “अहो, मग माझ्या अडकित्त्याला सांधा नाहीं का ?” प्रश्न बिनतोड होता. काका हंसले, पण उत्तर त्यांच्यापाशीं होतें. अडकित्त्याचा सांधा ज्या दिशेनें फिरतो त्याच दिशेनें त्याचें काम चालतें. मिटणें हेंच त्याचें कर्तव्य आहे, आणि मिटतांना त्याच्या तोंडांत सुपारी असते, बोट नव्हे. घडीच्या चाकूनें मात्र काम करतांना मिटूं नये अशीच अपेक्षा असते. सांधा वाईट नाहीं. त्याच्याकडून न मिटण्याची अपेक्षा करणें जोखमीचें आहे.

ह्या जोखमीवर कारखानदारांनीं शोधलेला उपाय म्हणजे भारीपणा. खीळ जाड करावी, पट्ट्या जाड कराव्या, खटका मोठा करावा. अमेरिकेंतील बक कंपनीचा ११० क्रमांकाचा चाकू १९६४ मध्यें निघाला आणि पाठीवरच्या भक्कम खटक्यामुळें जगभर नांवाजला गेला. चाकू खरोखरच उत्तम. पण त्याचें वजन सुमारें २०० ग्रॅम आहे, आणि तो कमरेच्या पट्ट्यास अडकविण्याच्या चामडी पिशवींत घालून विकला जातो. म्हणजे खिशांत मावावा म्हणून जो मिटविला तो खिशाला ओढूं लागला म्हणून पुन्हां कमरेला आला ! उलट स्वीडनमधील मोरा गांवची साधी सुरी घेतली तर पातें १० सेंटिमीटर, आणि म्यानासह वजन ह्याच्या निम्म्याच्या आसपास. कमरेलाच लावावयाचें तर सांधा नसलेलें काय वाईट ? भारी घडीच्या चाकूच्या कैवाऱ्यांनीं ह्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर दिलेलें नाहीं.

लहान सुरीचें सामर्थ्य तिच्या साधेपणांत आहे. पातें आणि मुठींत शिरलेला त्याचा भाग हा पोलादाचा एकच अखंड तुकडा. मोडण्याजोगें दुसरें कांहीं नाहीं, म्हणून थोड्या पोलादांत पुष्कळ काम होतें. ही गोष्ट मनुष्याला फार पूर्वीं कळली होती. ऑस्ट्रिया व इटली ह्यांच्या सरहद्दीवरील आल्प्स पर्वतांत १९ सप्टेंबर १९९१ रोजीं बर्फांत एका माणसाचें प्रेत सांपडलें. तो सुमारें ५३०० वर्षांपूर्वींचा निघाला. तांब्याची कुऱ्हाड आणि धनुष्य ह्यांच्या बरोबरीनें त्याच्यापाशीं गारगोटीच्या पात्याची, अॅश वृक्षाच्या लांकडी मुठीची एक सुरी होती; मूठ धरून सारी लांबी सुमारें १३ सेंटिमीटर, आणि तिला झाडाच्या सालीच्या धाग्यांनीं विणलेलें म्यान. इतक्या जुन्या काळचा तो वाटसरू, पण आजच्या गिर्यारोहकानें कमरेला लावावी अशीच ती वस्तु. फिनलंडमध्यें पुक्को नांवाची लहान सुरी शेतकरी, कोळी, सुतार सर्वांच्या कमरेला असे, आणि तिचा मान अजूनही आहे. नेपाळी कुकरीच्या म्यानांत तर मोठ्या पात्याच्या सोबतीला कर्दा नांवाची चिमुकली सुरी खोंचलेली असते. झाडें तोडणाऱ्या हत्यारालाही बारीक कामासाठीं धाकट्या भावंडाची गरज लागते.

स्वच्छतेचा मुद्दाही लहान नाहीं. आंबा चिरला, मासळी साफ केली, तर सुरी पाण्याखालीं धरून पुसली कीं झालें. चाकूच्या खांचेंत मात्र रस आणि खवले शिरतात, कुजतात आणि आंतल्या आंत गंज धरतो. कित्येक घरांत सांध्याला खोबरेल सोडण्याची चाल आहे. तें पात्याला चालेल, सांध्याला नव्हे. सुमारें २४ अंशांखालीं खोबरेल थिजूं लागतें, आणि महाबळेश्वरच्या थंडींत असा चाकू दोन्ही हातांनीं ओढला तरी उघडत नाहीं. सांध्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे.

तरीही सुरी निर्दोष आहे असें कोणी समजूं नये. तिचें म्यान हें तिचें अर्धें अंग आहे, आणि घेणारे सुरी निरखून पाहतात तसें म्यान पाहत नाहींत. मऊ चामड्याचें पातळ म्यान धारेनें चिरतें, आणि घसरून पडलेल्या माणसाच्या मांडींत पातें शिरतें. म्यान मुठींत आंवळून सुरी उपसण्याची खोड तर फारच वाईट. धार शिवण कापून बाहेर आली तर तळहातावरच येते. म्यान वरच्या कांठाशीं, पात्याच्या पाठीच्या बाजूनें धरावें. शिवाय पुक्कोसारख्या सुरीला मूठ व पातें ह्यांच्या मध्यें आड नसते. तिनें कठीण वस्तूंत भोंसकूं गेलें तर ओला हात पुढें घसरून धारेवर जातो. आणि कोंकणांत किंवा घाटमाथ्यावर पावसाळाभर सुरी चामड्याच्या म्यानांत ठेवून दिली तर ती गंजतेच. चामडें ओल धरतें, आणि तें कमावण्याच्या द्रव्यांनीं पोलाद खाल्लें जातें. घरीं सुरी म्यानाबाहेरच ठेवावी.

मुलाच्या मनांत निराळीच शंका होती. “काका, सुरी कमरेला लावून मी स्वारगेटच्या स्थानकावर उभा राहिलों तर लोक काय म्हणतील ?”

ही शंका उडवून लावण्यासारखी नाहीं. कोंकणांतील माडकरी कमरेच्या आंकडींत कोयता अडकवून भर रस्त्यानें जातो आणि कोणी मान वळवूनही पाहत नाहीं, कारण तो कोठें जात आहे हें सर्वांस ठाऊक असतें. शहरांतल्या तरुणाच्या कमरेचें चार बोटांचें पातें मात्र शेजारच्या बाईला धडकी भरवितें. गंमत अशी कीं खटक्याच्या चाकूची कीर्तिही कांहीं बरी नाहीं. ‘रामपुरी’ ह्या एका शब्दानें मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें हें सांगावयास नको. कायद्यांचीं मतेंही एकमेकांशीं जुळत नाहींत. इंग्लंडांत १९८८ च्या कायद्यानें ३ इंचांपर्यंतचा घडीचा चाकू कारणावांचून बाळगण्यास मोकळीक दिली, पण पातें खटक्यानें पक्कें होणारा चाकू त्या सवलतींत बसत नाहीं, असा तेथील न्यायालयांचा निर्णय आहे. म्हणजे जो बोटांना अधिक सुरक्षित तोच कायद्याला अधिक संशयास्पद ! जर्मनींत २००८ पासून एका हातानें उघडून पक्का होणारा चाकू सबळ कारणावांचून जवळ बाळगण्यास मनाई आहे. १२ सेंटिमीटरांपर्यंतच्या सुरीला मात्र तें कलम लागू नाहीं. आपल्याकडे शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा निर्देश आहे, आणि घरगुती व शेतीचीं हत्यारें वगळलेलीं आहेत. पण महाराष्ट्रांत १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखालीं मनाईहुकूम निघाला म्हणजे त्या मुदतींत सुऱ्याही त्याच्या कक्षेंत येतात. विमानांत तर दोन्ही हत्यारें हातांतल्या सामानांत चालत नाहींत.

काकांनीं पुतण्याला दुकानांत नेलें तें ह्या सर्वांचा विचार करून. सुरी त्यांनीं साध्या पोलादाची निवडली, पातें पुतण्याच्या तळहाताच्या रुंदीएवढें, मूठ लांकडी व खरखरीत. म्यान हातांत घेऊन उलटें धरून झटकलें. सुरी पडली नाहीं तेव्हां पैसे दिले. सुरी जाड फडक्यांत गुंडाळून सामानाच्या अगदीं तळाशीं जावी आणि तंबू ठोकल्यावरच कमरेला लागावी, असें ठरलें. गाडींत फळ चिरण्यासाठीं काकांनीं आपला जुना, दोन इंचांचा, खटका नसलेला चाकू त्याच्या खिशांत घातला. भारी चाकू परत करावा असें मुलाच्या मनांत होतें. पण तो वापरलेला, दुकानदार घेईना. तो काकांच्या टेबलावर राहिला. त्यांनीं त्याची खीळ आंवळली आणि पार्सलें फोडण्याच्या कामीं त्याची नेमणूक केली.

चौथ्या दिवशीं मुलगा परतला. बोटें दहाच्या दहा शाबूत होतीं; सुरी मात्र ओल्या म्यानांतच राहिल्यामुळें पात्यावर तांबेऱ्याचे दोन ठिपके आले होते. काका कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं चिमूटभर राख मागून घेतली, ओल्या चिंधीनें ते ठिपके घासून काढले, आणि सुरी म्यानाबाहेर, फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली.