पगार तुमचा, तर तपासणीही तुमची
(शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



तुम्ही काडीपेटी घेतली तरी सरकारांत कर पडतो आणि त्या पैशांतून आम्हां मास्तरांचा पगार निघतो. आज आम्ही आमच्याच जातीविरुद्ध बोलणार आहों. जात म्हणजे मास्तरांची.

सन २००३ मध्यें अर्थशास्त्रज्ञांनीं २० राज्यांतील सुमारें ३,७०० शाळांना न कळवितां भेटी दिल्या. सरकारी प्राथमिक शाळांत शेंकडा २५ शिक्षक गैरहजर निघाले. महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा १५ च्या आंत, म्हणजे सर्वांत कमी होतें. पण त्यावर आम्ही मिशीला पीळ भरूं नये. सात गड्यांत एक गडी आलाच नाहीं, तर तुम्ही त्याला मजुरी देतां काय?

आमचे बंधु म्हणतात, निवडणुकीचीं नि जनगणनेचीं कामें आम्हांस शाळेंतून ओढून नेतात. तक्रार खोटी नाहीं. पण गैरहजेरीचा फार थोडा भाग त्या कामांमुळें होता. कोणी म्हणतात, पगार वाढवा. तर जास्त पगाराचे मास्तर जास्त हजर असेंही दिसलें नाहीं. इंडोनेशिया देशांत २००५ च्या कायद्यानें पात्र ठरलेल्या शिक्षकांचें वेतन जवळजवळ दुप्पट केलें. ३६० शाळांत त्याचा प्रयोग करून पाहिला. मास्तर समाधानी झाले, त्यांचे जोडधंदे कमी झाले, पण मुलांचें शिकणें होतें तेथेंच राहिलें. म्हणून पगार कापा असें आम्ही म्हणत नाहीं. उपाशी मास्तर काय शिकवील? इतकेंच कीं नुसत्या पगारानें भागत नाहीं.

मग फरक कशानें पडतो? जेथें नुकतीच तपासणी झाली होती आणि जेथें पक्का रस्ता जवळ होता, तेथें हजेरी बरी होती. कारवाईची गोष्ट तर ऐकाच: जवळजवळ ३,००० सरकारी शाळांपैकीं एकाच मुख्याध्यापकानें सांगितलें कीं, वारंवार गैरहजर राहणाऱ्या शिक्षकाला कामावरून काढलें. सन २०१० मध्यें खेड्यांत पुन्हां पाहणी झाली, तेव्हांही गैरहजेरी शेंकडा २४ च्या सुमारास होती. कार्तिक मुरलीधरन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हिशेब मांडला कीं, मुलांपुढें उभे राहणारे मास्तर वाढवावयाचे तर नवी भरती करण्यापेक्षां तपासणी वाढविणें दहापटीहून स्वस्त पडेल.

तपासणीचें साहेब येवोत न येवोत, २००९ च्या कायद्यानें या समितींत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया नेमल्या आहेत. पण सभेची वही घरोघर फिरते आणि चुलीपाशीं सह्या होतात, हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे, आणि गप्पही बसलों आहों. उद्यां दूध घालून परततांना शाळेंत डोकवा. आम्ही वर्गांत नसलों तर वहींत तारीख घालून तसें लिहा.