चाकांचे कापडी मोजे



सिमरोलसारख्या गावातील शिक्षकाने बर्फावरील वाहनांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमच्याकडे बर्फ पडत नाही. परंतु इंदूरहून खंडव्याकडे जाणारा रस्ता सिमरोल ओलांडून भेरूघाटात उतरतो, आणि पावसाळ्यात कडेच्या काळ्या मातीत रुतलेले चाक जागीच गरगर फिरताना आम्ही नेहमी पाहतो. मग कोणी तरी रिकामे गोणपाट चाकाखाली सारतो आणि गाडी बाहेर निघते. इंजिनाची शक्ती कमी पडलेली नसते. कमी पडलेली असते ती चाकाची पकड.

गेल्या वर्षी माझ्या एका माजी विद्यार्थ्याने सहकुटुंब मोटारीने मनालीस जाण्यापूर्वी मला विचारले, ‘सर, बर्फासाठी साखळ्या घ्याव्यात की ते कापडी मोजे?’ प्रश्न साधा नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगदा यांच्या दरम्यान सुमारे १००० वाहने बर्फात अडकली होती.

साखळीचा शोध जुना आहे. अमेरिकेतील हॅरी वीड यांना तिचे एकस्व १९०४ साली मिळाले. लोखंडाच्या कड्या बर्फात रुततात आणि चाक घसरू देत नाहीत. मात्र साखळी जड असते, आणि गारठलेल्या बोटांनी ती चढविणे सरावावाचून जमत नाही. कापडी आवरण नॉर्वेमध्ये १९९० नंतरच्या दशकात पुढे आले. त्याच्या तंतूंत बर्फ अडकून बसतो, आणि तो खालच्या बर्फाला धरून ठेवतो. ते वजनाने हलके असते. चाकाच्या वरच्या भागावर चढवावे, गाडी हातभर पुढे घ्यावी आणि उरलेला भाग ओढून बसवावा, की काम झाले. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार डोंगराळ भागात हिवाळ्यात साखळ्यांऐवजी अशी आवरणेही चालतात.

तथापि कापड ते कापडच. बर्फ संपून डांबर लागताच ते उतरविले पाहिजे. अन्यथा थोड्याच अंतरात त्याच्या चिंध्या होतात. खडा चढ, लांबचा पल्ला किंवा काचेसारखा गोठलेला रस्ता असेल, तर साखळीच अधिक भरवशाची. दोन्ही साधने इंजिनाची गती ज्या चाकांना मिळते त्यांवर बसवावयाची असतात. त्यामुळे उरलेली दोन चाके वळणावर घसरू शकतात, हे विसरू नये. शिवाय हिमवर्षावानंतर आपल्याकडे अनेकदा चारही चाकांनी चालणाऱ्या किंवा साखळ्या लावलेल्या वाहनांनाच पुढे सोडतात. तेथे कापड चालेल की नाही, हे निघण्यापूर्वीच स्थानिक पोलिसांकडून विचारून घ्यावे.

म्हणून मी त्याला सांगितले, ‘मोजे अवश्य घे, घराच्या अंगणात दोनदा चढवून पाहा, परंतु अवचित हिम पडले तर सावकाश मुक्कामी परतण्याचे ते साधन आहे, बर्फात आणखी पुढे शिरण्याचा तो परवाना नव्हे.’

त्याच्या मोटारीत मागे दोन लहान मुले बसणार होती. आपल्याही मोटारीत कोणी तरी बसलेले असतेच. चाकाला पकड देणारी साधने बाजारात मिळतात. कोठून मागे फिरावे, हा विवेक मात्र चालकाने घरूनच बरोबर न्यावयाचा असतो.